उणकलच्या तळ्याकाठची शांत खोली

मी एक जुनी खोली आहे. हुबळी-धारवाड रस्त्यावर, उणकलच्या तळ्याकाठी, आकाशपाळण्यांची एक बाग होती. त्या बागेतल्या लॉजच्या रांगेत मी सगळ्यांत शेवटची. मित्रांनो, आपलं आयुष्य सांगायला बसलं की जन्मापासून सुरुवात करतात. मी तसं करणार नाही. मी एका दिवसापासून सुरुवात करते, कारण माझ्या सगळ्या दिवसांत मला तोच एक धड आठवतो.

त्या दिवशी सकाळी थंडी होती. तळ्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. वेणूबाई नावाची एक म्हातारी बाई माझ्या पायरीशी आली. तिने चपला काढून कडेला नीट जोडून ठेवल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग ती आत आली. भाड्याच्या खोलीच्या उंबऱ्याला कोणी हात लावत नाही. माणसं येतात ती थेट पलंगावर पिशव्या टाकतात आणि पंख्याचं बटण शोधतात. मला त्या बाईचं नवल वाटलं. तिच्या मागोमाग तिची मुलगी लीला आली. तिने खिडकी लावून घेतली, पंखा लावून पाहिला, आवाज करतो म्हणून बंद केला, आणि गादी हाताने दाबून पाहिली.

"आई, पड जरा," ती म्हणाली.

"आत्ता तर आले. पडायला काय झालंय मला?" वेणूबाई म्हणाली आणि पलंगाच्या अगदी कडेवर बसली. तिला सबंध पलंगावर बसायची सवयच नव्हती.

त्या दिवशी वाईट असं काही घडलं नाही. दोघी आल्या, बसल्या, संध्याकाळच्या बसने परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणूबाई आपल्या हुबळीच्या घरात, चुलीपुढे बसल्या बसल्या गेली. साध्या दिवसाला आपण शेवटचा आहोत हे माहीत नसतं. माहीत असतं तर त्या दिवशी लीला थोडं कमी उठली-बसली असती.

आता माझ्या जन्माचं सांगते. मी जिथे उभी आहे तिथे आधी जोंधळ्याचं रान होतं. धोंडिबा नावाच्या शेतकऱ्याचं ते. हुबळीतल्या कापसाच्या एका व्यापाऱ्याने कुठल्याशा मोठ्या शहरात पाळण्यांची बाग पाहिली आणि आपल्याकडेही असं काही हवं असं त्याच्या मनाने घेतलं. सगळे त्याला शेटजी म्हणत. शेटजींनी रान घेतलं, तळ्याच्या बाजूने कुंपण घातलं, आणि अळणावरकडचे गवंडी आणून कामाला लावले. लाकूडही तिकडचंच. माझ्या दाराची चौकट सागवानाची आहे. माझं अंग आता कितीही पडलं-झडलं असलं तरी ती चौकट अजून सरळ आहे, हे मी अभिमानाने सांगते. जमिनीला शहाबादी फरशी, वर मंगलोरी कौलं.

बाकीच्या खोल्यांच्या खिडक्या बागेकडे. माझी मात्र उलटी, मागच्या रानाकडे. रांगेच्या टोकाला जागा तिरकी उरली होती. मुख्य गवंडी म्हणाला, "हिचं तोंड फिरवू या." म्हणून दारातून दिसतो तेवढा हिरवळीचा आणि रस्त्याचा तुकडा सोडला, तर मला बागेतलं काही दिसत नाही. फिरते घोडे, रुळांवरची लहान आगगाडी, तळ्यातल्या होड्या, आकाशपाळणा, हे सगळं मी फक्त ऐकलं आहे. खिडकीतून दिसायचा तो कुंपणापलीकडचा जोंधळा आणि त्यावर उतरणारे पक्षी.

पहिली वर्षं फार चांगली गेली. गदगचं नवपरिणीत जोडपं आलं, उदबत्त्यांचा फिरता विक्रेता आला, धारवाडचे एक प्राध्यापक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायला आठवडाभर राहिले. जाताना प्रत्येकजण व्यवस्थापक वेंकटेशला म्हणे, "शेवटच्या खोलीत झोप काय लागते हो!" माझं नावच पडलं, शांत खोली. कौतुक कोणाला नको असतं? मीही थोडी फुशारून गेले.

पण बाग वाढली. गर्दी वाढली. मोठा पाळणा आला, त्याला जनरेटर आला. जनरेटर ठेवायला मोकळी जागा कुठे? माझ्या बाजूला. गाणी आणि सूचना सांगायला कर्णा आला. तारेचं टोक जिथे संपलं तिथे खांब रोवला, म्हणजे माझ्या कौलांच्या वर. मित्रांनो, तेव्हापासून मी शांत खोली उरले नाही. नाव मात्र उरलं. वेंकटेश कोणालाही सांगताना तेच नाव सांगे. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. त्याला सवय झाली होती.

लीला मला पहिल्यांदा पाहायला आली तो मंगळवार होता. मंगळवारी बाग बंद असे, यंत्रांना तेल घालत. त्यामुळे मी त्या दिवशी खरोखरच शांत होते.

"अक्का, ह्याच्यापेक्षा शांत खोली तुम्हाला धारवाडपर्यंत मिळणार नाही," वेंकटेश म्हणाला.

"आणि गर्दीच्या दिवशी?"

"गर्दीच्या दिवशी वीज जाते. वीज गेली की आमच्या सगळ्याच खोल्या शांत."

लीला हसली नाही. ती पलंगावर बसली आणि कान देऊन ऐकत राहिली. वेंकटेश गेल्यावर झाडायला हिराबाई आली. हिराबाई उणकलचीच, बोलायला मोकळी.

"कुणासाठी पायजे खोली?"

"आईसाठी. एका दिवसासाठी. डॉक्टरांनी तिला विश्रांती घ्यायला सांगितलंय. घरी ती मिळत नाही."

लीलाने मग थोडं थोडं सांगितलं. तिच्या माहेरचं हुबळीच्या बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. खाली दुकान, वर घर. पणजोबा कोल्हापूरकडून आलेले, तेव्हापासूनचं. समोर, बाजूला, मागे, सगळीकडे भांड्यांना ठोके देणारे कारागीर. सकाळी सुरू झालेली ठकठक दिवेलागणीला थांबे आणि मग घरातली माणसं सुरू होत. आईचे दीर, जावा, त्यांची मुलं, कोकणातून-घाटावरून आलेले पाहुणे. वेणूबाई त्या घरात लग्न होऊन आली ती तिथेच. तिला स्वतःची अशी खोली कधी नव्हती. माजघरात जिथे अंथरूण पडेल तिथे ती झोपे. कधीतरी, कोणाला उद्देशून नाही, ती म्हणे, "एक दिवस कुठेतरी निवांत पडावं." आणि पुन्हा भाकरी थापायला लागे.

"मग तुमच्या घरी न्या की," हिराबाई म्हणाली. "तुमचं कुठं हाय घर?"

"केलगेरीला. तळ्याजवळ. दोन खोल्या आहेत. मी आणि माझे यजमान, दोघंच. दिवसभर टिटवीशिवाय काही ऐकू येत नाही."

"तर मग?"

"ती माझ्याकडे जेवत नाही."

हिराबाईचा हात थांबला. तिने लीलाकडे नीट पाहिलं. "पोर न्हाई?"

"नाही."

"मग बरोबर हाय," हिराबाई म्हणाली आणि पुन्हा झाडायला लागली. "आमच्यात बी तसंच. लेकीला पोर झाल्याबिगर तिच्या घरचं पानी आईबापाला चालत न्हाई."

मित्रांनो, तुम्हाला ही रीत ठाऊक नसेल. लेक सासरी दिली की तिला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. मूल झालं की बंधन सुटतं. लीलाला मूल झालं नाही. तिच्या नव्या घरी वेणूबाई एकदाच आली होती, वास्तुशांतीला. येताना पितळेच्या फिरकीच्या तांब्यातून आपलं पाणी घेऊन आली, अंगणातल्या चिंचेखाली बसली, आणि ते पाणी पिऊन दुपारच्या बसने परत गेली. लीलाने सकाळपासून केलेला स्वयंपाक बाकीची माणसं जेवली.

"तिला विचारलं तर तिला नाही म्हणावं लागेल," लीला म्हणाली. हिराबाई तोवर पायरीवर गेली होती. लीला माझ्याशीच बोलत असल्यासारखी बोलत होती. "म्हणून मी कधी विचारतच नाही. आणि त्या घरात विचारायचं कसं? भोवती सगळी माणसं. इथे विचारीन. दार लावून, शांतपणे. चार दिवस चल म्हणेन."

तेव्हा मला कळलं की तिला आईसाठी विश्रांती हवी होती हे खरं, पण त्यापेक्षा तिला एक वाक्य बोलायला जागा हवी होती. मी मनात म्हटलं, बोल हो. मी कान झाकून घेईन.

दिवस वेणूबाईनेच ठरवला होता. मार्गशीर्षातली एळ्ळ अमावास्या. आमच्या मुलखात त्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरची माणसं आपल्या रानात जातात. तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकरी, भरली वांगी, शेंगांची चटणी, दहीभात अशी गाठोडी बांधून नेतात. आधी अन्नातला थोडा भाग उभ्या पिकात चारही दिशांना शिंपडतात, त्याला चरग म्हणतात. मग सगळे मिळून बांधावर जेवतात. वेणूबाईच्या घरची माणसं भाड्याचा ट्रक करून कुंदगोळकडे, पाहुण्यांच्या रानात गेली होती.

"मी म्हटलं, मला ट्रकचे धक्के सोसत नाहीत. सोडलं बाई मला," वेणूबाई सांगत होती. "आणि आज हुबळीत कुत्रंसुद्धा नाही बघ, सगळं गाव रानात. तुझ्या बागेत आज चिटपाखरू नसणार."

मायलेकींचा हिशेब असा होता. तो हिशेब दुकानदारांच्या घरातला. त्यांच्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला कुठे ना कुठे, स्वतःचं नाहीतर सोयऱ्याचं, रान होतं.

धुकं उठलं आणि पहिली बस थांबली. मग दुसरी. मग टांगे, मग सायकली, मग माणसांनी भरलेला मालाचा टेम्पो. गिरणीतली माणसं, रेल्वेच्या कारखान्यातली माणसं, भाड्याच्या खोल्यांतून राहणारी माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर गाठोडी. बागेतल्या हिरवळीवर सतरंज्या पडल्या. फुलझाडांच्या वाफ्यांत चरग शिंपडला गेला. माळी ओरडत होता आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं. कर्णा सुरू झाला आणि माझी कौलं थरथरली.

लीला तडक वेंकटेशकडे गेली. तो माझ्या दारापुढच्या ओट्यावरच उभा राहून माणसांना हाकत होता.

"तुम्ही म्हणालात शांत खोली आहे."

"आहे की अक्का. आत जाऊन दार लावा."

"ही एवढी गर्दी? आज सगळे रानात जातात ना?"

"ज्यांना रान आहे ते रानात गेले. ज्यांना रान नाही ते बिचारे कुठे जाणार? हेच त्यांचं रान."

"हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"तुम्ही खोलीचं विचारलंत, अक्का. बागेचं नाही." तो हसला, पण तिचा चेहरा पाहून थांबला. "बरं, बरं. कर्ण्याचा आवाज कमी करायला सांगतो."

आवाज कमी झाला आणि थोड्या वेळाने पुन्हा वाढला. लीलाने खिडकीच्या फटीत चादर कोंबली. मग पलंग ओढून दुसऱ्या भिंतीला नेला. मग पुन्हा बाहेर जाऊन आली. ती आली की वेणूबाई म्हणे, "लीले, बस की गं जरा." ती बसे. संत्री सोलून द्यायला लागे. फळ चालत असे, कारण फळाला चूल लागत नाही. इतकी वर्षं लीलाने आईला जे काही खायला घातलं ते फळच. बाकीचं जेवण वेणूबाईने हुबळीहून डब्यात आणलं होतं, मुलीसाठीही.

"आई, मी काय म्हणत होते..." लीला म्हणाली.

"लक्ष द्या, लक्ष द्या," वरून कर्णा ओरडला. "पिवळा झगा घातलेली एक मुलगी तिकीटघराजवळ सापडली आहे. ती आपलं नाव सांगत नाही. ती फक्त भजी मागते आहे. आईबापांनी ताबडतोब यावं."

वेणूबाई हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "नाव नाही ठाऊक, भजी ठाऊक! तू अशीच होतीस. रथाच्या गर्दीत हरवली होतीस आणि कुणाच्या तरी दुकानात बसून चुरमुरे खात होतीस."

"आई, ऐक ना."

"ऐकतेय की. तूच कुठे बसतेस? सकाळपासून तुझी आपली ये-जा, ये-जा."

लीला पुन्हा उठली. यावेळी जनरेटरवाल्याशी बोलायला गेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, मुली, तुझी आई आवाजाला कधीच कंटाळली नाही, तिला फक्त तू जवळ बसायला हवी आहेस. पण खोलीला तोंड नसतं.

ती बाहेर असतानाच कोणीतरी बाहेरून खिडकीतली चादर ओढली आणि झडप ढकलली. कुंपणातल्या फटीतून माणसं माझ्या मागच्या बाजूला आली होती. म्हातारा धोंडिबा, त्याची बायको शेवंता, सुना, लेकरं. दरवर्षी येत. रान विकलं तरी अमावास्येला चरग टाकायला ती माझ्या मागच्या भिंतीशी येत, कारण त्यांच्या रानाचा तो कोपरा होता. धोंडिबाने दहीभात मुठीत घेऊन माझ्या जोत्याशी शिंपडला. माझ्या अंगावर शिंतोडे उडाले. मला दरवर्षी त्याची लाज वाटे आणि बरंही वाटे.

शेवंता गजांतून आत डोकावली. "आगं बया! मानूस हाय की आत. भ्यालासा काय वो आक्का?"

"नाही नाही," वेणूबाई म्हणाली. "करा तुमचं. हे रान तुमचं का?"

"हुतं. आता ह्या भिताडाचं हाय. येवा की भाईर. दोन घास खावा आमच्यासंगं."

"अहो, नको..."

"येवा म्हंते न्हवं. आज रानातनं उपाशी जायाचं न्हाई. बर्री, बर्री!" शेवंता कानडीतून, मराठीतून, दोन्हीकडून बोलवायला लागली.

लीला परत आली तेव्हा पलंग रिकामा होता. ती धावत खिडकीशी आली. बाहेर मातीवर, सगळ्यांच्या मधोमध, वेणूबाई मांडी घालून बसली होती. शेवंताने तिच्या हातावर बाजरीची भाकरी ठेवली होती, भाकरीवर भरलं वांगं. वेणूबाई जेवत होती. सावकाश, मिटक्या मारत, ओळखदेख नसलेल्या माणसांच्या चुलीवरचं. शेवंता तिच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. मग वेणूबाईने त्यांच्या घागरीतलं पाणी मागून घेतलं आणि वरून, तोंड न लावता, गटागटा प्यायली.

लीलाने गज धरले होते. माझे गज गंजके होते, तिच्या तळहाताला तांबूस डाग पडले. मी खूप माणसं पाहिली आहेत, भांडणारी, रडणारी, दारू पिऊन लोळणारी. पण आपली आई दुसऱ्याच्या घरचं जेवताना पाहून एवढं गप्प उभं राहिलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

वेणूबाई आत आली ती थोडी ओशाळून. "अगं, बोलावलं त्यांनी."

"हो."

"बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं? कुणी ये म्हटलं की जावं माणसाने." तिने पदराने हात पुसले. मग, पलंगाची चादर सारखी करत, पाठमोरी राहून म्हणाली, "कुणी म्हणतच नाही, तर कोण कुठे जातं?"

मित्रांनो, हे वाक्य तिने का म्हटलं ते मी अजून शोधते आहे. त्यात काही होतं का, की एक म्हातारी बाई जेवून सुखावल्यावर बोलते तसं ती बोलली? लीलाने वर पाहिलं. तिचे ओठ हलले. आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली.

पाळणा थांबला. कर्णा मध्येच मुका झाला. जनरेटर एकदा खोकला आणि त्यानेही मान टाकली. आधी एक मोठा गलका झाला, मग वर अडकलेली माणसं हसली, मग तेही सरलं. ऊन तापलं होतं, लोक जेवून सतरंज्यांवर आडवे झाले होते. तळ्याकडून वारा आला तो ऐकू आला. माझ्या आढ्यात चिमणी पंख झाडत होती, तेही ऐकू आलं. अशी शांतता माझ्यात पहिल्या वर्षांनंतर आली नव्हती. लीलाला हवी होती ती हीच.

"ऐक," वेणूबाई म्हणाली. "काहीच नाही."

ती पलंगावर आडवी झाली. यावेळी कडेला नाही, मधोमध. पाय लांब केले. लीला तिच्या पायांशी बसली. कितीतरी वेळ ती बसून होती. आता तिला अडवणारं काही नव्हतं. दीर-जावा नाहीत, कर्णा नाही, ठकठक नाही. मी वाट पाहत होते. तिने एकदा आईच्या तळपायावर हात ठेवला. "आई," ती म्हणाली. वेणूबाई म्हणाली, "हं?" आणि लीला म्हणाली, "काही नाही. पांघरूण घालू का?"

"घाल."

तिने पांघरूण घातलं. वेणूबाई झोपली. तोंड किंचित उघडं, एक हात उशाखाली, अशी ती गाढ झोपली. वीज आली, कर्णा ओरडला, पाळणा करकरत सुरू झाला, तरी ती उठली नाही. लीला उशाशी बसून, दोन्ही हातांची ओंजळ आईच्या कानावर धरून, ऊन उतरेपर्यंत तशीच राहिली.

संध्याकाळी निघताना वेणूबाई म्हणाली, "चांगली लागली गं झोप. आता खूप दिवस पुरेल." पायरीवर चपला घातल्या. आल्या तशाच दोघी गेल्या. एक हुबळीच्या बसमध्ये, एक धारवाडच्या.

दुसऱ्या दिवसाची बातमी मला वेंकटेशकडून कळली. इथे राहून गेलेला डबा न्यायला चार दिवसांनी लीलाचे यजमान मधुकरराव आले होते. वेंकटेश हिराबाईला सांगत होता, "आदल्याच दिवशी इथे झोपली होती ती अम्मा." हिराबाईने त्या दिवशी मला झाडलं नाही. पायरीवर नुसती बसून राहिली.

त्यानंतरचं माझं आयुष्य सांगण्यासारखं नाही. तळ्यात शेवाळ माजलं, होड्या सडल्या. शेटजी गेले. मुलांना बागेत रस नव्हता. मोठा पाळणा कुणीतरी सोडवून दुसऱ्या गावच्या जत्रेला नेला. माझा पलंग गेला, पंखा गेला. फिरते घोडे मोडले तेव्हा ते माझ्यात आणून कोंबले. लाकडी घोडे, कान तुटलेले, रंग उडालेले, एकमेकांवर तोंडं टेकून अजून इथे आहेत. कौलं फुटली, ओल भिंतीत उतरली. धोंडिबा थकला, मग दिसेनासा झाला. एके वर्षी अमावास्येला माझ्या मागे कोणीच आलं नाही. उणकलला नवी घरं व्हायला लागली. आता कुंपणाच्या आत चुन्याच्या रेघा आखल्या आहेत आणि त्यातली एक माझ्या उंबऱ्यावरून गेली आहे.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला सांभाळा, आमची डागडुजी करा. मी म्हणणार नाही. मी भिंती आणि कौलं आहे, मला पाडून दुसरी बांधता येते. मला सांगायचं आहे ते वेगळं. कोणाला काही विचारायचं असेल, तर त्यासाठी शांत जागा शोधत हिंडू नका. शांत जागा मिळाली तरी तोंड उघडेलच असं नाही. गोंगाटात विचारा, ओरडून विचारा, भाकऱ्या थापताना विचारा. नाही म्हटलं तर नाही. नाही म्हणणारं माणूस समोर आहे, हेही थोडं नाही. हा उपदेश लीलाच्या उपयोगाचा नव्हता. तुमच्या उपयोगाचा होईल का, ते मला ठाऊक नाही.

परवा दुपारी माझं कुलूप उघडलं. वेंकटेशच्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. त्याने दार खांद्याने ढकललं.

"ह्या रेघा दिसतात ना, अक्का? सोमवारी पाडणार आहेत. बरं झालं पेपरात वाचून आलात. आत बसायला काही नाही."

"असू दे. मी उभी राहीन."

"खोली मात्र आता एकदम शांत आहे," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून खाली पाहत निघून गेला.

लीलाचे केस कडेने पांढरे झाले होते. ती घोड्यांमधून वाट काढत पलंगाच्या जागेपाशी आली. फरशीवर पलंगाच्या पायांच्या खुणा अजून होत्या. बाहेर खरोखर काही आवाज नव्हता. तिने खिडकीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. पलंगाचं उसं जिकडे असायचं तिकडे तोंड करून ती उभी राहिली. गळा साफ केला. तिचा आवाज शाळेत शिकवणाऱ्या बाईचा असतो तसा स्पष्ट, मोठा होता.

"आई, माझ्या घरी मूल नाही. नसू दे. तू चल. चार दिवस राहा. मी भात टाकते."